कानतुटकं घमेलं

ता. यावल, ९ मार्च

मृणालीच्या आबांना सुगंधाबाईचा नमस्कार.

अक्षर वाकडं दिसलं तर दोष तुमचा. रागाच्या भरात पिशवी भरताना तुम्ही माझा चष्मा उचलून नेला आणि स्वतःचा इथे ठेवला. तुमच्या चष्म्यातून मला प्रत्येक ओळ चढणीला लागलेली दिसते. तिकडे तुम्ही माझ्या चष्म्याने पेपर कसा वाचता, हे मी मृणालीला विचारलं. ती म्हणाली, "आबा नुसता धरून बसतात."

चष्मा चुकला, पण मोबाईल मात्र आठवणीने खिडकीत ठेवून गेलात. राग पक्का आहे हे आम्हाला कळावं म्हणून. कळलं. मृणालीच्या फोनवर बोलायला घेतलं की "बरं आहे, बरं आहे" म्हणता आणि फोन पोरीच्या हातात देता. जावयाच्या घरी चारचौघांत मीही काय बोलणार? म्हणून पत्र. सातवीपर्यंत शिकवलं होतं बाबांनी, ते कधीतरी उपयोगी पडायलाच हवं.

तर साक्रीत कसं चाललंय? तिसऱ्या मजल्यावर झोप लागते का? इथे आपली बाग बरी आहे. घड भरायला लागले आहेत. ढवळ्या बैल तुमची वाट बघतो असं लिहिणार होते, पण तो कोणाचीच वाट बघत नाही, खातो आणि बसतो.

आता तळ्याचं. तुम्ही म्हणाल, तळ्याचं नाव काढू नको. मी काढणार. तळं तुम्ही ठिबकच्या पाण्यासाठी खणलं. शेवाळाने जाळ्या तुंबायला लागल्या म्हणून त्यात मासे सोडले. मासे शेवाळ खातील आणि आपण माशांना विसरून जाऊ, असं ठरलं होतं. मग त्यांना पिकून गेलेली केळी कोणी चारली? कान तुटलेल्या घमेल्यावर दगड वाजवून "या व मायहो" अशी हाक कोणी मारली? गाईंची नावं माशांना कोणी ठेवली? आपल्या घरात अंडं येत नाही, आणि आपला कारभारी रोज सकाळी धवळी नावाच्या कटला माशाशी बोलत बसतो, हे मी माहेरी कोणाला सांगितलेलं नाही.

भूपेंद्रने तेच तळं धरलं, एवढंच झालं. पुण्याची नोकरी सोडून पोरगा बायकोला घेऊन घरी आला, हौशी लोकांनी रविवारी येऊन गळ टाकायचा, मासा बघायचा आणि परत सोडायचा, असं त्याने मांडलं. पाटी लावली. काठावर छत्र्या लावल्या. पहिल्याच रविवारी दीपनगरच्या आधारभाऊंनी पाण्यात गळ टाकला आणि तुम्ही अंगणात उभं राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणालात, "नेऊन खाल्ला असता तं समजलो असतो, पोटासाठी हाय. नुसत्या हौसेपायी त्याच्या तोंडात काटा? माह्या तळ्यात गळ पडला, आता ह्या घरचं पानी मी पेनार नाई." आणि खरंच तांब्या तसाच ठेवून निघालात.

तुमचं म्हणणं मला कळतं. पण तळं बंद केलं तर भूपेंद्र आणि मोनाली पुण्याला जातील. चालू ठेवलं तर तुम्ही साक्रीला. मला तुम्ही आणि भूपेंद्र एका पंगतीत जेवताना हवे आहात. दुसरं काही मागणं नाही.

धवळी मजेत आहे.

तुमची
सुगंधा


ता. यावल, २ एप्रिल

मृणालीच्या आबांना नमस्कार.

पत्राला उत्तर नाही. हरकत नाही. मृणाली म्हणाली, दोनदा वाचलं आणि उशीखाली ठेवलं. मला तेवढं पुरे.

आज जे सांगते ते बसून वाचा. बसलात? मी गळ धरला.

लगेच उठू नका, नीट ऐका. आधारभाऊ दर रविवारी येतात. दीपनगरच्या वीजकेंद्रात त्यांची नोकरी झाली, आता निवृत्त आहेत. मी त्यांना पहिल्यांदा चहा द्यायला गेले ती भांडायच्या तयारीनेच गेले. म्हटलं, भाऊ, तुम्ही घरी मासे खाता, मग इथे येऊन नुसते धरता आणि सोडता, ह्यात काय मिळतं? ते म्हणाले, "अक्का, सारी नोकरी मशीनपाशी गेली. घरी बसलो तरी कानात मशीन चालूच राह्यते. इथी पान्याकडे बघत बसलो का बंद होते. मासा लागला काय अन् नाई लागला काय." आता अशा माणसाशी काय भांडायचं? मी चहात साखर वाढवली.

आणखी एक. गळाच्या टोकाला जी उलटी नांगी असते, ती त्यांनी कानशीने घासून टाकली आहे. नुसत्या स्वतःच्या नाही, सगळ्यांच्या. काटा आत अडकत नाही, सहज निसटतो. अर्धे मासे काठाला यायच्या आधीच सुटून जातात. भूपेंद्र कुरकुरला, पण आधारभाऊ त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघून हसले.

तर दोन-तीन रविवारांपूर्वी ते म्हणाले, "अक्का, जरा काठी धरा, मी तोंड धुऊन येतो." मी धरली. शेजाऱ्याचं पोर धरावं तशी, लांबून. आणि तेवढ्यात पाण्यावरचा लाल बुचाचा तुकडा खाली गेला. वासरू दाव्याला हिसका देतं ना, तसा हिसका बसला. मी ओरडले नाही. खोटं कशाला लिहू, ओरडले. मोनाली केळीच्या बागेतून धावत आली, तिला वाटलं साप निघाला.

मासा फार मोठा नव्हता, सोनेरी होता. ओल्या पोत्यावर ठेवला तेव्हा माझ्याकडे बघत होता. आबा, लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हापासून मी माशाला बोट लावलेलं नाही. त्या दिवशी दोन्ही हातांनी धरला. मला वाटलं होतं किळस येईल. तो गार होता आणि त्याच्या पोटात धडधडत होतं. मला रडू आलं, का ते विचारू नका.

ओठाला एवढंसं लागलं होतं. पाण्याच्या मोटारीच्या पूजेची हळदीकुंकवाची डबी काठावरच्या मोटारीच्या खोलीत होती. तिच्यातली हळद बोटावर घेतली, ओठाला लावली आणि पाण्यात सोडला. तेव्हापासून नियमच झाला. जो मासा निघेल त्याला हळद लावूनच सोडायचं. मोठ्या गाडीतून आलेले लोकही मुकाट्याने डबी मागतात. आधारभाऊ म्हणतात, "अक्काने साऱ्या तळ्याले हळद लावली."

तुमचा राग आता माझ्यावरही आला असेल, तर बरंच आहे. भूपेंद्रच्या वाटणीचा थोडा कमी होईल. रागावून लिहायला पेन उचललंत तरी चालेल.

भरताची वांगी संपत आली. तुमच्या वाटणीचं कोणी खात नाही, म्हणून मीच खाते. वजन वाढलंय.

सुगंधा


ता. यावल, २९ एप्रिल

आबा,

मागच्या रविवारचं लिहावं की नाही, ह्यात आठवडा गेला. तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

उन्हं वाढली तशी माशांनी गळ घेणं सोडलं. लोक सकाळी येत, छत्रीखाली बसत, बाजारातून आणलेलं वासाचं पीठ लावत आणि दुपारी जांभया देत परत जात. भूपेंद्रचं तोंड उतरलं. मोनाली रात्रीचं जेवण पानात चिवडत बसायची. पुण्याच्या नोकरीचा विषय दोनदा निघाला. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मग भूपेंद्रला तुमचं घमेलं आठवलं. खोलीमागे पडलं होतं. त्याने ते उचललं, काठावर उभा राहिला आणि तुमच्यासारखा दगड वाजवला. मी बागेतून येत होते. आवाज आला आणि क्षणभर मला वाटलं तुम्ही आलात. डोक्यावरची पाटी तिथेच ठेवून धावले.

तळ्यातले सगळे मासे त्या कोपऱ्याला लोटले होते. सगळ्यात पुढे धवळी, नेहमीसारखी. आणि तिथे चौघांचे गळ सोडलेले. सगळ्यात आधी गळ तिनेच घेतला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एवढा मोठा कटला त्यांनी पाहिला नव्हता. भूपेंद्र आनंदाने माझ्याकडे वळला आणि माझं तोंड बघून त्याचा आनंद मावळला. धवळीला मी धरलं. हळद लावली, पाण्यात तिला धरून बसले, ती सावरली तेव्हा सोडली. ती बरी आहे, हे खरं सांगते. ओठावर पांढरी खूण राहिली आहे.

आधारभाऊंनी स्वतःची काठी गुंडाळली. त्यांना मासा लागला नव्हता. जाताना भूपेंद्रला एवढंच म्हणाले, "भाऊ, जेवायले बोलावलेल्याले गळ नसते टाकत."

मी तुमचं सगळं बरोबर होतं असं म्हणत नाही. आधारभाऊंच्या काठीला लागणारा मासा स्वतःच्या भुकेने येतो, फसतो, सुटतो, दुसऱ्या दिवशी शहाणा होतो. त्याचं तो बघून घेतो. घमेल्याला आलेला मासा तुमच्या भरवशावर येतो. हे दोन वेगळे आहेत. तुम्ही अंगणात ओरडण्याऐवजी हे असं सांगितलं असतं तर पोराला कदाचित कळलं असतं. पण तुम्हाला ओरडता येतं, सांगता येत नाही. तुमच्या पोरालाही तेच येतं.

घमेलं मी त्याच संध्याकाळी ज्वारीच्या कोठीत पुरलं. दोन दिवसांनी भूपेंद्रने विचारलं, "आई, घमेलं कुठी हाय?" मी म्हटलं, "मले काय माहीत? तुह्या बापाले विचार." त्याने पुन्हा विचारलं नाही.

मृणाली म्हणते तुम्ही गच्चीवर जाऊन कबुतरांना दाणे टाकता. त्यांचीही नावं ठेवली असतील.

सुगंधा


ता. यावल, १४ मे, सकाळ

आबा,

हे पत्र पोस्टाने नाही. भूपेंद्र घेऊन आला आहे. तुम्ही वाचत असाल तेव्हा तो दारात उभा असेल. ह्या उन्हात मोटारसायकलवर आला आहे. त्याला आधी आत घ्या आणि पाणी द्या. बोलायचं नसेल तर बोलू नका.

तळ्यात पाणी मुरू नये म्हणून अंथरलेला प्लास्टिकचा कागद फाटला. छत्र्यांसाठी त्याने काठावर लोखंडी सळया ठोकल्या होत्या, कागदाला भोक पाडून. वाऱ्याने छत्र्या हलत राहिल्या, भोकं वाढत गेली आणि परवा एका बाजूची चीर खालपर्यंत गेली. मोनाली सकाळी आधी पोहोचली. ती घाबरली की तिला माहेरची भाषा येते. "आई, बठ्ठं पानी चाली ऱ्हायनं!" सगळं पाणी चाललंय, एवढंच ओरडत होती. खालच्या बांधात केळी बुडाली आहेत आणि तळं निम्मं उरलं आहे. मोटार चालू ठेवली आहे, पण येतं त्यापेक्षा जातं जास्त.

कागद जोडायचा तर तळं रिकामं करावं लागेल. शेजारचे चुडामणभाऊ मासे त्यांच्या तळ्यात ठेवायला तयार आहेत. पण मासे काढायचे कसे? धरणावरचे जाळेवाले येऊन बघून गेले. ते म्हणतात ओढून देऊ, पण जाळ्याला लावलेल्या शिशाच्या वजनांनी राहिलेला कागदही फाटेल, आणि निघालेला मासा त्यांचा.

मी कोठीतून घमेलं काढलं. भूपेंद्रच्या हातात दिलं. काल दिवसभर तो वाजवत होता. एक मासा आला नाही. केळी टाकली, तीही तशीच तरंगत राहिली. सगळे तळाशी, पलीकडच्या कोपऱ्यात गोळा झालेत. घमेलं वाजलं की आणखी लांब सरकतात.

संध्याकाळी तो घमेलं मांडीवर घेऊन काठावर बसला आणि म्हणाला, "आई, आता नाई येनार ते. मीच तसं केलं." लग्न झालेला, मिशीवाला माणूस. त्यानेच सकाळी गाडी काढली. मी त्याला पाठवलेलं नाही. मी फक्त पत्र दिलं.

तुम्ही ह्या घरात येऊ नका, पाणी पिऊ नका, माझ्याशी बोलू नका. तळ्यावर या. उद्यापर्यंत पाणी आहे, परवाचं सांगता येत नाही.

सुगंधा

पोराला जेवायला घालून मग निघा. त्याने सकाळपासून काही खाल्लेलं नाही.


ता. यावल, १७ मे

आबा,

घरातून हाक ऐकू जाईल एवढ्या अंतरावर, तळ्यावर तुम्ही आहात, आणि मी पत्र लिहिते आहे. हसू येतं. मोनाली डब्याबरोबर आणून देईल. तोंडाने बोलायला गेले तर तुम्ही "बरं आहे" म्हणाल आणि दुसरीकडे बघाल, म्हणून लिहिते.

आधी भूपेंद्रने काय सांगितलं ते. साक्रीला तुम्ही स्वतःच्या हाताने त्याला पाणी दिलंत. पत्र त्याच्यासमोर वाचलंत, माझा चष्मा लावून, आणि घडी करून खिशात ठेवलंत. धुळे गेलं तरी एक शब्द नाही. पारोळ्याला चहाला थांबलात तेव्हा म्हणालात, "धवळी कुठी दिसली व्हती?" तिथून घरापर्यंत बोलत आलात. काय बोललात ते तो सांगत नाही. मी विचारतही नाही.

परवाचा दिवस मी सगळा बघितला, केळीच्या आडून. तुम्हाला वाटलं मी घरी आहे. मला वाटलं होतं तुम्ही आल्या आल्या घमेलं वाजवाल. भूपेंद्रने ते पुढे केलं, तर तुम्ही ते उपडं घालून त्यावर बसलात. पाय पाण्यात सोडले. केळं कुस्करून एकेक तुकडा पायाशी टाकत राहिलात. हाक नाही, आवाज नाही. पोरालाही शेजारी बसवलंत. ऊन डोक्यावर आलं, उतरलं, तुम्ही दोघं तसेच. पाणी तेवढ्यात गुडघ्याखाली आलं होतं. मनात म्हटलं, हाक मारा ना, काय होतं मारायला.

तुम्ही मारली नाहीत. कलत्या उन्हात एक पांढरट पाठ दिसली. ती लांबून वळली, गेली, परत आली. धवळी सगळ्यात पुढे यायची, परवा सगळ्यात शेवटी आली असती तरी मी तिला दोष दिला नसता. पण आली तीच आधी. तुमच्या पायाशी थांबली. तुम्ही भूपेंद्रच्या हातात केळं दिलंत आणि त्याचा हात धरून पाण्यात घातलात. तिने त्याच्या हातातून खाल्लं, आणि तिच्यामागून एकेक करत बाकीचे आले. मग माझ्याने आडोशाला राहवेना, मी लुगडं घेऊन आले.

माझ्या जुन्या लुगड्याच्या झोळीतून सगळे मासे ड्रमात आणि ड्रममधून चुडामणभाऊंकडे गेले, हे तुम्हाला माहीत आहे, तुम्हीच एक टोक धरलं होतं. दीपनगरहून आधारभाऊ धावत आले आणि गुडघाभर चिखलात उतरले. त्यांना बसायला तुम्ही स्वतःचं पोतं सरकवलंत. मी बघितलं. धवळीच्या ओठावरून बोट फिरवलंत, तेही बघितलं. हळदीचं बोट माझं होतं.

घमेलं आता घरात खुंटीला आहे. भूपेंद्रने टांगलं. सळया त्याने उपटल्या. पाटी काढून खोलीत भिंतीकडे तोंड करून ठेवली आहे. पुन्हा लावायची की नाही, हे तो मला विचारत होता. मी म्हटलं, मला नको विचारू.

पण तुम्ही मोटारीच्या खोलीत झोपता. डबा घरचा चालतो, पाणी मात्र पाईपचं पिता. शपथेचा हा हिशोब तुमचा तुम्हालाच ठाऊक.

मी रात्रभर त्यावर विचार केला. तुम्ही म्हणाला होता, माझ्या तळ्यात गळ पडला, आता ह्या घरचं पाणी पिणार नाही. बरोबर? मी आज सकाळी जाऊन बघून आले. तळ्यात पाणी नाही. मासा नाही. गळ पडायला जागाच नाही. कागद जोडणारा माणूस पुढच्या आठवड्यात येणार, मग ते सुकणार, मग भरणार. तोवर तळंच नाही, तर शपथ कशाची?

तळं भरल्यावर पाटी लागेल की नाही, ते तुम्ही आणि तुमचा पोरगा बघा. हवं तर भांडा. ओरडू नका, सांगा. पण तोपर्यंतचे हे दिवस मला द्या. भूपेंद्रचं पान वाढलं आहे, शेजारी तुमचं वाढलं आहे. माझा चष्मा घेऊन या, तुमच्या चष्म्याने मला भातात खडे दिसत नाहीत.

तांब्या ओसरीवर भरून ठेवला आहे. त्यावर झाकण ठेवलेलं नाही. वारा सुटलाय, धूळ पडेल. लवकर या.

सुगंधा